आयर्लंडचा किनारा : निसर्ग पाहावा, भूकही आठवावी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक महासागराच्या कडेकडेने एक रस्ता जातो. ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हे त्याचे नाव. उत्तरेकडील डोनेगलपासून दक्षिणेकडील किन्सेलपर्यंत सुमारे 2,500 किलोमीटरचा हा पर्यटनमार्ग 2014 मध्ये जाहीर झाला. सगळा पाहायचा तर दोन-तीन आठवडे हवेत. आम्ही त्यातला गॉलवे ते वेस्टपोर्ट एवढाच भाग निवडला आणि जून महिन्यात भाड्याच्या गाडीने तीन दिवसांत, गावोगाव थांबत, तो पाहिला.

तिथे वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भारतीय चालकाला फारसे अवघड जात नाही. मात्र गावांकडचे रस्ते अरुंद असतात. दोन्ही बाजूंना दगडांचे गडगे आणि वळणावर अचानक समोर उभी राहणारी मेंढरे! समोरची गाडी बाजूला थांबून वाट देते, तेव्हा हात उंचावून आभार मानायची तिथली रीत आहे. आयर्लंड शेंगेन गटात नाही, हे व्हिसा काढताना ध्यानात ठेवावे.

गॉलवे सोडून स्पिडलकडे निघालो, तसे पाट्यांवरचे इंग्रजी नाहीसे झाले. हा आयरिश भाषेचा मुलूख. नकाशात गावांची आयरिश नावेही पाहून ठेवावी लागतात. पुढे राऊंडस्टोनचे छोटे बंदर, मग क्लिफ्डन. एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला काळपट दलदल. तिथली माती विटांसारखी कापून, वाळवून लोक वर्षानुवर्षे जळण म्हणून वापरत आले. याच भागात बॅलिनाहिंच नावाचा वाडा आहे. क्रिकेटपटू म्हणून गाजलेले नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांनी तो 1924 मध्ये विकत घेतला होता. सरोवराकाठच्या कायलमोर मठातील शाळेत त्यांच्या पुतण्या शिकल्या.

नमाज आणि जेवण

जूनमध्ये या किनाऱ्यावर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. मगरिब तेव्हा, आणि फजर अगदी लवकर. लहान मुले बरोबर असतील तर झोपेचा हिशोब आधीच बसवावा. आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. कोकणात आपण किब्ल्याकडे तोंड करतो तेव्हा समुद्र समोर असतो. इथे किब्ला आग्नेयेला. समुद्र पाठीशी राहतो. चटई अंथरून गवतावर जोहर अदा केली, कुणी काही विचारले नाही.

खेड्यांत हलाल मांस मिळणे कठीण. मासळी मात्र भरपूर. तरीही विचारून घ्यावे : मासा जनावराच्या चरबीत तळलेला आहे का, पिठात बिअर आहे का, सूपमध्ये डुकराचे मांस घातले आहे का? आम्ही विचारले तिथे सगळ्यांनी न कंटाळता सांगितले. किलरीच्या खाडीत शिंपल्यांची शेती होते. शाफई घरांतल्या मंडळींना ती मेजवानीच.

डोंगरावरच्या रेघा

किलरी ही सुमारे 16 किलोमीटर आत शिरलेली खाडी. पलीकडच्या डोंगरउतारावर उन्हात समांतर रेघा उठून दिसतात. त्या बटाट्याच्या जुन्या वाफ्यांच्या खुणा आहेत. 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि गरिबांचे मुख्य अन्नच गेले. पुढच्या सात वर्षांत सुमारे 10 लाख माणसे उपासमारीने आणि रोगांनी मेली, आणखी 10 लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्या काळातही धान्य आणि जनावरे देशाबाहेर विकायला जातच होती. आयर्लंड बेटाची लोकसंख्या आजही दुष्काळापूर्वीच्या आकड्याला पोहोचलेली नाही. पर्यटकाला जी शांतता सुंदर वाटते, तिच्यामागे हे आहे.

खाडीला वळसा घालून रस्ता डूलॉख दरीत शिरतो. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये लांबट सरोवर. आम्ही पाहिलेला हा सर्वांत देखणा भाग. इथे रस्त्याच्या कडेला एक साधे दगडी स्मारक आहे. 1849 च्या मार्चअखेर लुईसबर्ग गावात शेकडो भुकेले लोक सरकारी मदतीसाठी जमले. मदत चालू राहायची तर अधिकाऱ्यांपुढे तपासणीला उभे राहणे सक्तीचे होते. अधिकारी सुमारे 19 किलोमीटर दूर डेल्फी लॉज इथे निघून गेले आणि लोकांना दुसऱ्या सकाळी तिथे हजर राहण्याचा हुकूम झाला. लोक थंडीवाऱ्यात चालत गेले. तिथे त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवण्यात आले. परतीच्या वाटेवर कित्येक जण कोसळले ते उठले नाहीत. मृतांच्या आकड्यावर अजूनही मतभेद आहेत. स्मारकावर महात्मा गांधींचे एक वचन कोरले आहे. दुसऱ्याची मानहानी करून माणसाला मोठेपणा कसा वाटतो, असा त्याचा आशय.

दुरून आलेली मदत

याच दुष्काळात 1847 मध्ये उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी 1,000 पौंड पाठवले. त्यांना 10,000 द्यायचे होते, पण राणी व्हिक्टोरियाची देणगी 2,000 ची असल्याने रक्कम कमी करावी लागली, असे सांगितले जाते. आयर्लंडमधील मान्यवरांनी सह्या करून पाठवलेले आभारपत्र इस्तंबूलमध्ये जपून ठेवलेले आहे. अमेरिकेतील चॉक्टॉ आदिवासींनी 170 डॉलर दिले. काही वर्षांपूर्वी त्यांनाच त्यांच्या भूमीवरून हुसकावले गेले होते. कोलकात्यातही निधी जमला. देणाऱ्यांनी कुणाला तपासणीला उभे केले नाही. म्हणूनच आयरिश माणूस आजही त्यांची नावे प्रेमाने घेतो.

वेस्टपोर्टहून तासाभरावर बॅलीहॉनिस हे छोटे गाव आहे. एका पाकिस्तानी व्यावसायिकाने इथे हलाल मांसाचा कारखाना उभारला. कामगार आले, वस्ती झाली, 1987 मध्ये मशीद झाली. ज्या मेयो परगण्यातून भुकेपायी माणसे परागंदा झाली, तिथेच आता दूरदेशीची माणसे रोजीरोटी कमावत आहेत. अल्लाहची कुदरत!

उपकार बोलून दाखवून आणि घेणाऱ्याचे मन दुखवून सदका वाया घालवू नका, ही कुरआनची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. डूलॉखच्या दरीत तिचा अर्थ नव्याने कळतो. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांत रेशनच्या पिशव्या वाटल्या जातात. विधवांना, वृद्धांना उन्हात रांगेत उभे केले जाते, पिशवी हाती देताना फोटो काढला जातो. तीच पिशवी संध्याकाळी गुपचूप त्यांच्या दारी पोहोचवता येते. त्यासाठी ना पैसा जास्त लागतो, ना वेळ. घेणाऱ्याला चालायला लावण्यापेक्षा देणाऱ्याने चार पावले चालावीत, एवढेच.