सैनिकाची बदली आणि पत्नीचा परवाना

सैनिकाच्या बदलीचा हुकूम निघतो तेव्हा त्यात त्याच्या पत्नीच्या नोकरीचा विचार केलेला नसतो. अमेरिकेच्या लष्करात अशी बदली साधारणतः दोनतीन वर्षांनी होते आणि बहुधा ती दुसऱ्या राज्यात होते. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील फेएटव्हिल या छावणीच्या गावी एखादी स्त्री शाळेत शिकवीत असावी. पतीची बदली टेक्सासमधील किलीन येथे व्हावी, आणि सामानाच्या पेट्या उघडण्यापूर्वीच तिला कळावे की, येथे शिकविण्यास या राज्याचे प्रमाणपत्र हवे. मग नवा अर्ज, नवी फी, बोटांच्या ठशांची तपासणी आणि प्रतीक्षा. बेळगाव किंवा महू येथील लष्करी बिऱ्हाडे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना या धावपळीचे नवल वाटणार नाही. आपल्याकडेही परिचारिकेची नोंदणी राज्याच्या परिषदेकडेच होते.

अमेरिकेत व्यवसायाचा परवाना देण्याचा अधिकार मुख्यतः राज्यांचा आहे. वेस्ट व्हर्जिनियाने डॉक्टरांवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1889 साली ते वैध ठरविले. रोग्याचे रक्षण हा त्यामागील हेतू योग्यच होता. पुढे मात्र हे लोण डॉक्टर-वकिलांपुरते राहिले नाही. शिक्षक, परिचारिका, केशरचनाकार असे एकेक व्यवसाय त्यात ओढले गेले. 1950 च्या सुमारास शंभर कामगारांपैकी सुमारे पाचांना परवाना लागे. आज पाचांतील एकाहून अधिकांपाशी तो असतो. ज्याने जन्मभर एकाच गावी राहावयाचे त्याला हे ओझे एकदाच उचलावे लागते. सैनिकाच्या कुटुंबाला ते प्रत्येक बदलीस उचलावे लागते.

2012 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अर्थ व संरक्षण या दोन खात्यांनी मिळून यासंबंधी अहवाल प्रसिद्ध केला. नोकरी करणाऱ्या अथवा शोधणाऱ्या सैनिकपत्नींपैकी सुमारे 35 टक्के स्त्रिया परवाना लागणाऱ्या व्यवसायांत आहेत आणि राज्याची सीमा ओलांडून घर हलविण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या दसपट आहे, असे त्यात दिसून आले. त्यानंतर राज्यांच्या कायद्यांना वेग आला. फ्लॉरिडाने 2014 साली, सन्मानपूर्वक सेवामुक्त झालेल्या सैनिकाने अथवा त्याच्या पत्नीने साठ महिन्यांच्या आत अर्ज केल्यास परवान्याचे आरंभीचे शुल्क माफ केले. टेक्सासने 2015 साली अर्जाची व परीक्षेची फी माफ केली. मात्र पती-पत्नींच्या बाबतीत, दुसऱ्या राज्याचा चालू परवाना जवळ असावा आणि त्याच्या अटी टेक्साससारख्याच असाव्यात, अशी अट घातली.

टेक्सासच्या या कायद्यात तीनचार शब्द असे आहेत की, त्यांवरून सहज नजर घसरते. माफी मिळते ती ‘राज्याला द्यावयाच्या’ फीची. एखादी परीक्षा खासगी संस्था घेत असेल, ठसे दुसराच कोणी घेत असेल, जुन्या विद्यापीठाकडून गुणपत्रकाची प्रत मागवावयाची असेल, तर तो खर्च माफीबाहेर पडतो. या फुटकळ रकमांसाठी केंद्र सरकारने निराळी वाट काढली. 2017 च्या अखेरीस झालेल्या कायद्याने सैनिकाच्या पत्नीला वा पतीला बदलीनंतरच्या परवानाखर्चापोटी 500 डॉलरपर्यंत परतावा देण्याची तरतूद झाली. दोन वर्षांनी ती मर्यादा 1000 डॉलर करण्यात आली. पैसे मागाहून मिळतात, म्हणजे आधी पदरचे घालावेच लागतात. परंतु काहीच नसण्यापेक्षा हे बरे.

शुल्कमाफीवर एक आक्षेप घेतला जातो व तो उडवून लावण्याजोगा नाही. अनेक परवाना-मंडळांचा कारभार फीच्या उत्पन्नावरच चालतो. सैनिकपत्नीची फी सोडली म्हणजे ती तूट अखेर गावातील इतर शिक्षकांच्या व परिचारिकांच्या फीतून भरून निघणार. देशसेवेचे ऋण सर्व समाजाचे असेल, तर ते एकाच व्यवसायाच्या लोकांनी का फेडावे? राज्याच्या तिजोरीतून मंडळांना ती भरपाई देणे हाच न्याय्य मार्ग होय.

आणि फी हा तरी अडचणीचा लहान भागच. गावी मुक्काम तीन वर्षांचा आणि परवान्याची वाट पाहण्यात चार महिने गेले, तर नववा हिस्सा काळ पगाराविना गेला. शेपन्नास डॉलरांची माफी त्यापुढे किती पुरणार? म्हणूनच 2023 च्या जानेवारीत झालेला केंद्रीय कायदा अधिक मोलाचा आहे. लष्करी हुकमाने स्थलांतर करणाऱ्या सैनिकाचा व त्याच्या पत्नीचा एका राज्यातील निष्कलंक परवाना नव्या राज्यातही ग्राह्य धरावा, असे त्याने ठरविले. वकिलीचा परवाना तेवढा वगळला. मूळ मजकुरात आणखी एक अट होती: तो परवाना मागील दोन वर्षांत प्रत्यक्ष वापरलेला असावा.

या अटीचा कस त्याच वर्षी लागला. शाळेत समुपदेशक म्हणून काम करण्याचे ओहायो व मिसूरी या दोन राज्यांचे परवाने असलेली, हवाई दलातील सैनिकाची पत्नी टेक्सासला आली. राज्याच्या शिक्षणखात्याने तिच्यापुढे आपल्या अटी मांडल्या. ती संघराज्याच्या न्यायालयात गेली. केंद्रीय न्याय खात्यानेही कायद्याचा अर्थ स्पष्ट करणारे निवेदन तेथे सादर केले. 2023 च्या जुलैत निकाल तिच्या बाजूने लागला.

स्वतः सैनिकाची अडचण वेगळी असते. त्याच्यापाशी हातातले कौशल्य असते, कागद नसतो. सैन्यात अवजड मालमोटार चालविणाऱ्यास घरी परतल्यावर तोच धंदा करण्यासाठी नवशिक्याप्रमाणे परीक्षा द्यावी लागे. 2011 च्या केंद्रीय नियमाने, अशा अनुभवी चालकाला मोटार चालवून दाखविण्याच्या चाचणीतून सूट देण्याची मुभा राज्यांना मिळाली. लेखी परीक्षा मात्र 2018 पर्यंत त्यालाही द्यावी लागे.