आधी कागद, मग पाणी, शेवटी रंग

गणपती गावाला गेले आणि पाऊस ओसरू लागला, की घर विकू पाहणाऱ्यांची लगबग सुरू होते. दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर घर घेणारे पुष्कळ, तेव्हा विकणाऱ्यालाही हाच हंगाम सोयीचा. मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या इमारतींची गळती शोधणे हे माझे काम. त्यामुळे 'घर विकायचंय, आधी काय करू?' असे दर वर्षी या दिवसांत कोणीतरी विचारतेच. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असते, ते म्हणजे रंग देऊन टाकू. माझे सांगणे असे, की रंग हे सगळ्यात शेवटचे काम.

पहिले काम कागदांचे. पितृपक्षात सहसा कोणी घर पाहायला येत नाही. विकणाऱ्याने तो पंधरवडा वाया गेला असे मानू नये, कपाटातली फाइल खाली काढावी. मूळ करारनामा, मधे घर विकले गेले असेल तर त्या प्रत्येक व्यवहाराचा दस्त, इंडेक्स टू, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि कर्ज फिटले असल्यास बँकेचे तसे पत्र, एवढे एकत्र लावावे.

घर वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असणे म्हणजे मालक होणे नव्हे. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांचा हक्क राहतो आणि त्यात लग्न झालेल्या बहिणीही आल्या. ज्यांना हिस्सा सोडायचा आहे त्यांचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे. वारस परदेशी असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र मागवावे लागते आणि त्यात आठवडे जातात. गिऱ्हाईक दारात उभे असताना ही धावपळ सुरू झाली, तर दिवाळी हातची जाते.

दुसरे काम पाण्याचे. चार महिने पाऊस खाल्लेल्या भिंतीचे खरे रूप याच दिवसांत दिसते. वीट आणि गिलावा पाणी शोषून घेतात. ते पाणी सुकताना आतले क्षार पृष्ठभागावर येतात आणि पांढरी भुकटी धरते. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. अशा ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला, की ओल आत कोंडते आणि काही महिन्यांत फुगे येऊन पोपडे सुटतात.

भिंत आतून ओली आहे की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतल्या दमटपणाची. ओल असेल तर तिचे मूळ शोधावे. गच्चीचा कोबा तडकला आहे का, बाहेरच्या भिंतीला भेगा आहेत का, पावसाचा पाइप सांध्यात गळतो का, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून पाणी झिरपते का, हे क्रमाने पाहावे. मूळ बंद केल्यावर भिंतीला ऑक्टोबरचे ऊन खाऊ द्यावे. तोवर रंगाऱ्याला बोलावू नये.

माझ्या आत्याने पुण्यातला तिचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा झोपायच्या खोलीच्या छताला ओलीचा मोठा नकाशा उमटला होता. रंगारी म्हणाला, "आजी, दोन हात पुट्टी मारतो, दिवाळीपर्यंत काही दिसायचं नाही." आत्या म्हणाली, "आणि दिवाळीनंतर त्या घरातली बाई मला शिव्या देईल, त्या मी कुठे ठेवू?" गच्ची सोसायटीची, तेव्हा तिथली गळती दुरुस्त करणे हे सोसायटीचे काम. आत्याने तसे लेखी पत्र दिले. काम दसऱ्याच्या आत होणे शक्य नव्हते. घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तो डाग स्वतः दाखवी आणि पत्राची पोच हातात देई. एक कुटुंब डाग पाहूनच परत गेले. दुसऱ्याने किंमत थोडी उतरवून मागितली. आत्याला ते पैसे नको होते असे नाही, घर विकून येणाऱ्या रकमेवरच तिला पुढचे दिवस काढायचे होते. तरी तिने मान्य केले, आणि डागाचा उल्लेख करारात घातला.

तिला कायदा ठाऊक नव्हता, पण कायदा तिच्याच बाजूने बोलतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याचे ५५ वे कलम सांगते, की जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजीने पाहूनही त्याला सापडला नसता, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. न सांगणे हे कपट ठरते. घराच्या मालकीत काही खोट असेल, तर तिलाही हाच नियम लागू होतो. म्हणजे पुट्टीखाली झाकलेली ओल आणि फाइलमध्ये दडवलेला वारस, दोन्ही एकाच माळेचे मणी.

एवढे झाले की मग खुशाल रंग काढावा, आणि तो फिकट असावा. घटस्थापनेआधी आपण घर धुऊन पुसून घेतोच, त्याच वेळी माळ्यावरची अडगळ उतरवावी, गळके नळ आणि अडकणारी दारे नीट करून घ्यावीत, बंद दिवे बदलावेत. सामान कमी झाले की खोली मोठी दिसते, आणि त्याला खर्च काही नाही. घर पाहायला येणाऱ्याला शक्यतो सकाळच्या उजेडात बोलवावे आणि सगळ्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ज्या घरात झाकण्यासारखे काही उरले नाही, ते दाखवताना विकणाऱ्याचा आवाज आपोआप मोकळा होतो, आणि घेणाऱ्याला तो बरोबर ऐकू येतो.