तीन अक्षरांच्या सहा रेघा

चूक झाली की आमची मुले पाटी पुसून टाकतात. चूक सापडविणे हीही एक विद्या आहे, हे त्यांस कोणी सांगत नाही. गोवा सरकारने २०२१ साली शाळांसाठी ‘केअर्स’ योजना हाती घेतली, तेव्हापासून संगणकास आज्ञा लिहून देण्याचे शिक्षण आमच्या खेड्यांतील मुलांसही मिळू लागले आहे. त्याच्याच जोडीला ही दुसरी विद्याही घरात यावी, म्हणून पेडणे तालुक्यातील एका घरी आम्ही पाहिलेली हकीकत येथे देत आहो.

त्या घरच्या मुलाने ‘पायथन’ भाषेत शब्द ओळखण्याचा खेळ रचला होता. (पायथन हे नाव सापावरून नव्हे, तर इंग्लंडातील एका विनोदी नटमंडळीवरून पडले. गिडो व्हान रॉसम यांनी ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध केली.) खेळ असा : संगणकाने एक शब्द मनात धरावयाचा, अक्षरांइतक्या रेघा मांडावयाच्या, आणि खेळणाऱ्याने एकेक अक्षर सांगून त्या भरावयाच्या. इंग्रजी शब्दांनी खेळ बिनबोभाट चालला. मग मुलाने हौसेने आपल्या आजोळचे ‘डिचोली’ हे नाव घातले, आणि सारेच बिघडले. पडद्यावर सहा रेघा उमटल्या. ‘चो’ असे लिहिताच संगणक ‘बरोबर’ म्हणाला, परंतु एकही रेघ भरली नाही. मुलगा रडकुंडीस येऊन म्हणाला, “मराठी यास कळत नाही. इंग्रजीच बरी.”

त्याच्या आईस संगणकाचा गंध नाही. परंतु तिने सहज विचारले, “अरे, डिचोलीत अक्षरे किती?”

“तीनच गो, आई!”

“मग तो सहा कोणती मोजतो, ते त्यालाच विचार.”

या एका प्रश्नात साऱ्या शोधाची किल्ली होती. मुलाने ‘प्रिंट’ची आज्ञा देऊन शब्दाचा एकेक भाग निराळ्या ओळीवर छापविला. तेव्हा ड, वेलांटी, च, ओकाराची मात्रा, ल आणि पुन्हा वेलांटी अशा सहा ओळी निघाल्या. युनिकोड या जगन्मान्य पद्धतीत व्यंजनास एक क्रमांक आणि त्यास जोडलेल्या स्वरचिन्हास दुसरा असतो, व पायथन ते क्रमांक मोजतो. म्हणून ‘पेडणे’ त्यास पाच वाटते, आणि ‘म्हापसे’ तर हलन्ताच्या चिन्हासह सात! ‘चो’ शब्दात आहे काय, असे विचारता तो लागोपाठची दोन चिन्हे पाहून होय म्हणे. पण रेघ भरताना एकेका चिन्हाशी ‘चो’ ताडून पाही, आणि ते कोणाशीच जुळत नसे.

दोष कळल्यावर उपाय सोपा होता. मुलाने शब्द सलग न लिहिता ‘डि’, ‘चो’, ‘ली’ अशी तीन अक्षरांची यादी करून दिली. रेघा तीनच उमटल्या, ‘चो’ आपल्या जागी बसला, आणि घरात आनंदीआनंद झाला. मराठी उणी नव्हती, यंत्रही खोटे नव्हते. आमचे ‘अक्षर’ आणि त्याचे ‘चिन्ह’ या दोहोंतील भेद तेवढा ध्यानात आला नव्हता.

मोठमोठ्या जाणत्यांनाही हे चुकलेले नाही. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या गणकयंत्रात एक पतंग अडकला होता. तो शोधून काढणाऱ्यांनी त्यास नोंदवहीत चिकटवून ठेवले. चूक लपविली नाही, नोंदवून ठेवली.

आईबापांस आमचे एवढेच सांगणे आहे. मूल अडले तर त्यावर रागावू नका, आणि उत्तरही आयते देऊ नका. “तुला काय व्हावयास हवे होते? प्रत्यक्षात काय झाले?” हे दोन प्रश्न विचारा. एका वेळी एकच बदल करून पाहण्यास सांगा. त्यासाठी आपणांस संगणक यावा लागत नाही. मुलाजवळ घटकाभर बसण्याची सवड मात्र काढावी लागते.