थर्ड शिफ्ट आणि मेंदूतलं घड्याळ

चाकण-भोसरीत फर्स्टवरून रात्रीच्या थर्ड शिफ्टला गेलं की दिवसा लवकर डोळा लागत नाही. कारण मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, हजारो पेशींचं घड्याळ आहे. ते उजेडावर लागतं.

त्यात मायक्रोआरएनए असतात. जेमतेम २२ अक्षरांचे हे तुकडे निरोप्या आरएनएला चिकटून प्रथिन बनणं कमी करतात. (यांच्या शोधाला २०२४ चं नोबेल!) २००७ मध्ये उंदरांत दिसलं, की यातला 'मिर-२१९' दाबला तर घड्याळाचा दिवस लांबतो. 'मिर-१३२' मला जास्त भावतो. रात्री उजेड पडला की तो वाढतो आणि घड्याळाला फार सरकू देत नाही. त्याला दाबलं, तर तेवढ्याच उजेडानं घड्याळ जास्त सरकतं.

थर्ड सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये गॉगल लावा, घरी पडदे ओढून झोपा. सकाळचं ऊन या घड्याळाला 'दिवस उगवला' असंच सांगतं.