कोंबडा आरवल्यानंतर

त्सुफेनहाउझेनच्या स्टेशनावरून माझं घर सात मिनिटांवर आहे. मागच्या वर्षी काही महिने मला तेवढ्याच वाटेला दोन-दोन तास लागत होते. वाटेत एक स्पीलहाले आहे, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या मशीनचा जुगारअड्डा. बाहेरून आतलं काही दिसू नये अशा त्याच्या काचा. घरी मी मीटिंग लांबल्याचं सांगत असे.

मंडळात मला सगळे नगरचा ख्रिस्ती म्हणून ओळखतात, नाताळात करंज्या वाटणारा. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. पण अंक दिवाळीचा आहे, आणि पाडव्याला आपल्याकडे द्यूतप्रतिपदाही म्हणतात. वर्षातून एक दिवस पत्ते कुटायची मुभा! मशीनची मात्र रोजच प्रतिपदा.

या काळात माझं चर्च चुकलं नव्हतं, हे विशेष. दर रविवारी मी प्रभूची प्रार्थना जर्मनमध्ये म्हणत होतो. मराठीत आपण तिथे 'परीक्षा' हा शब्द म्हणतो. लहानपणी मार्च-एप्रिलमध्ये मी ती ओळ फार मनापासून म्हणायचो, कारण गणित कच्चं होतं. जर्मनमध्ये तिथे 'फरझूखुंग' येतं, म्हणजे मोह. इथल्या एका प्रसिद्ध चॉकलेटच्या जाहिरातीतही तोच शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि मोह हे दोन्ही अर्थ आहेत. मला मोह तेवढा दिसत होता. आपण कसोटीला लागलो आहोत, हे ध्यानातच आलं नाही.

पैसे गेल्याचं दुःख लवकर ओसरतं. खोटं बोलल्याचं ओसरत नाही. 'आता देवापुढे कोणत्या तोंडाने जायचं' हा विचार मला मोहापेक्षाही घातक वाटतो, कारण तो नम्रतेचं सोंग घेऊन येतो. यहूदा आणि पेत्र, दोघांनीही एकाच रात्री प्रभूला दगा दिला आणि दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा एकटाच निघून गेला. पेत्र रडला, पण पुन्हा इतर शिष्यांमध्ये येऊन राहिला. योहानाच्या शुभवर्तमानात एक बारकावा आहे. पेत्राने प्रभूला नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीपाशी. पुनरुत्थानानंतर येशू तलावाकाठी मासे भाजतो, तिथेही कोळशाचाच विस्तव आहे. तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तिथे येशू झाल्या प्रकाराचा जाब विचारत नाही. आधी न्याहारी देतो, मग तीनदा प्रेमाबद्दल विचारतो आणि लगेच मेंढरं सांभाळायचं काम सोपवतो.

माझी शेकोटी म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. एका रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, किती?" आकडा ऐकून उठली आणि हिशेबाची वही घेऊन आली. त्या रात्री प्रार्थना झाली नाही, बेरीज झाली. जेवण मात्र तिने गरम करून वाढलं.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' त्यानंतर पुन्हा वाचली. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. पण त्यानंतरही त्यांचा संताप आणि मागाहूनचा पस्तावा बाई झाकत नाहीत. आमच्या नगरकडे टिळकांच्या तसबिरीला हार घालतात. मला तसबिरीतल्यापेक्षा बाईंचे टिळक जवळचे वाटतात.

नुसत्या प्रार्थनेवर विसंबायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. जर्मनीत 'ओआसिस' नावाची देशव्यापी बंदी-यादी आहे. आपलं नाव आपणच त्यात घालता येतं, मग कोणत्याही स्पीलहालेत दारातच अडवतात. एरवी बंदी एक वर्षाची असते, पण वर्ष सरलं म्हणून ती आपोआप उठत नाही. त्यासाठी लेखी अर्ज करावा लागतो. मी तो केलेला नाही.

नोव्हेंबरात इथल्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये बुस-उंड-बेटटाग असतो, पश्चात्तापाचा आणि प्रार्थनेचा बुधवार. १९९५ पासून सॅक्सनी सोडून सगळीकडे त्याची सुट्टी गेली; शुश्रूषा-विम्याचा खर्च भागवायला सरकारने तो दिवस कामाला लावला. मी यंदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. बायको म्हणाली, मीही येते. वही अजून तिच्याकडेच आहे.