फुकट पासांचे बिल

फुकट पास वाटण्यात आमच्या नाट्यमंडळाचा हात कधीच आखडता नव्हता. खुर्च्या रिकाम्या राहण्यापेक्षा भाचे-पुतणे येऊन बसलेले काय वाईट? रिकाम्या खुर्चीचेही भाडे भरावेच लागते. हाच हिशेब डोक्यात ठेवून २०२० च्या टाळेबंदीत आम्ही आमचे नाटक इंटरनेटवर दाखवले. गल्ला पडद्यामागच्या कामगारांना द्यायचा होता. त्यांच्या चुली थंडावल्या होत्या.

तिकीट ५० रुपये, खपली २००. पास मात्र मी, मंडळाच्या खजिनदाराने, ९०० वाटले! दहा हजारांचा गल्ला पाहून खुशीत होतो, तोच नाटक घरोघर पोचवणाऱ्या कंपनीचे बिल आले : १९,८०० रुपये.

चूक कंपनीची नव्हती, माझ्या गणिताची होती. सेकंदाला अडीच मेगाबिट या वेगाने दोन तासांचे नाटक धाडले, की एका प्रेक्षकापाठी सव्वादोन गिगाबाइट माल जातो. दर गिगाबाइटला ८ रुपये. म्हणजे माणशी १८. तंबूतल्या सिनेमात एकच रीळ सारा गाव पाहत असे. इथे प्रत्येकासाठी निराळी प्रत निघते आणि तिचे हशील निराळे पडते. भाचा पास घेऊन बसला, की १८ रुपये गेलेच!

मग हे बडे लोक कसे निभावतात? ते माल गिऱ्हाइकाच्या दाराशी आधीच नेऊन ठेवतात. ही युक्ती अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांची. १९९८ साली त्यांनी अकामाई कंपनी काढली आणि ठिकठिकाणी संगणक ठेवून तेथून जवळच्या लोकांना माल पुरवायला सुरुवात केली. (बिचारा लेविन ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यात गेला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.) टपालाने डीव्हीडी धाडणाऱ्या नेटफ्लिक्सने २००७ मध्ये इंटरनेटवर चित्रपट दाखवायला घेतले. पुढे तर तिने आपल्या पेट्याच इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे फुकट नेऊन ठेवल्या. गर्दी नसताना, पहाटेच्या सुमारास त्यांत नवे चित्रपट भरायचे. वाण्याने दुकान उघडण्यापूर्वी माल लावावा तसे! यूट्यूबवर फुकट्यांचे भाडे जाहिरातदार भरतो. आमच्याकडे ना पेट्या, ना जाहिरातदार.

कामगारांच्या १०,००० ला हात लावायचा नाही, हे मंडळाच्या सभेत ठरले. बिल कोणी भरायचे, यावर मात्र सारे गप्प.

"पास दिलेत तरी कोणाला?" अध्यक्षांनी दरडावून विचारले.

मी यादी वाचू लागलो. पहिली अकरा नावे त्यांच्याच घरची निघाली. बाराव्या नावाआधी त्यांनी मुकाट्याने चेकबुक काढले.