गिअरच्या हातावरचा पट्टा

माझ्या नेहमीच्या बसच्या ड्रायव्हरच्या शर्टातून रबरी नळी बाहेर आलेली दिसली, तेव्हा मला आधी ती गाडीचीच वाटली. नळी डाव्या बाहीतून निघून कमरेच्या डबीत शिरत होती. सिग्नलला बस थांबली तशी डबी गुरगुरली आणि बाहीखाली काहीतरी फुगलं. काकांनी हात मांडीवर सैल सोडला. तेवढ्यात सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, काकांनी गिअर टाकला. डबी चिरकून गप्प झाली.

"गेलं," ते म्हणाले. "आता परत फुगणार."

ती डबी म्हणजे चोवीस तास रक्तदाब मोजणारं यंत्र. दिवसा दर अर्ध्या तासाने पट्टा फुगतो, रात्री जरा कमी वेळा. मोजताना हात हलला तर आकडा येत नाही, काही मिनिटांनी यंत्र पुन्हा प्रयत्न करतं. माणूस उजव्या हाताचा असेल तर पट्टा डाव्या हाताला बांधायचा, असा रिवाज. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे बसड्रायव्हरचा डावा हात गिअरचा. गर्दीच्या रस्त्यावर तो हात स्थिर कधी असणार?

ही डबी बांधतात कुठे ते बघायला मी आगारात गेले. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिनच्या लोकांनी विश्रांतीगृहाशेजारच्या खोलीत तपासणी शिबिराचं टेबल मांडलं होतं. डिझेल, ओला गणवेश आणि उकळून काळा पडलेला चहा, सगळ्याचा मिळून एक वास. वजन, कंबर, साखर झटपट उरकलं. मग प्रश्नावली.

या प्रश्नावलीमागे रॉबर्ट कॅरासेक यांची 1979 सालची मांडणी आहे. नुसतं काम जास्त असणं हा एक भाग. ते कसं आणि केव्हा करायचं हे ठरवायची मुभा किती, हा दुसरा. काम डोक्यावरून वाहतंय आणि मुभा शून्य, तिथे ताण सर्वाधिक. 2012 साली 'लॅन्सेट'मध्ये युरोपातल्या जवळपास दोन लाख नोकरदारांची माहिती एकत्र करून छापली गेली. अशा कामात हृदयविकाराचा धोका 23 टक्क्यांनी जास्त दिसला. सिगारेटशी तुलना केली तर हा आकडा लहानच, हे टेबलावरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून सांगितलं.

"कामाचा वेग तुम्हाला ठरवता येतो का?" त्यांनी काकांना विचारलं.

काका हसले. "वेग ट्रॅफिक ठरवतं. वेळ कंट्रोलर ठरवतो. आम्ही ब्रेक ठरवतो."

"ताण जाणवतो का?"

"नाही हो. कसलं टेन्शन?"

रकान्यात 'कधीच नाही' अशी खूण झाली. बाई त्या खुणेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. का, ते नंतर कळलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सुमारे चौदाशे बसचालकांचा अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला होता. तिथे उलटंच चित्र निघालं: कामात त्रास कमी असल्याचं सांगणाऱ्यांतच उच्च रक्तदाब अधिक आढळला. सहन करायची सवय लागली की माणूस त्याला त्रास म्हणत नाही, असं मला वाटतं. काकांचंही तेच असावं.

कारण टेन्शन नाही म्हणणारे काका एका गोष्टीवर पुन्हापुन्हा येत होते: सात मिनिटं. शेवटच्या स्टॉपवर पोचल्यावर पुढच्या फेरीआधी कागदावर सात मिनिटं मिळतात. पाणी, चहा, लघवी सगळं त्यात. बस उशिरा पोचली की आधी ही सात मिनिटं जातात. "म्हणून मी सकाळी पाणीच पीत नाही," काका म्हणाले. प्रश्नावलीत याला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. शिबिराच्या टेबलावर काकांचं बीपी होतं 126/80. अगदी शहाण्यासारखं. यंत्रात दिवसाची सरासरी निघाली 144/92. तिची मर्यादा 135/85 मानतात. झोपेत दाब दहा ते वीस टक्के उतरायला हवा, काकांचा जेमतेम उतरला होता. दवाखान्यात लपणारं आणि कामावर वर येणारं हे बीपी. ते पकडलं म्हणून मी त्या डबीला मनातल्या मनात नमस्कार केला.

पण आलेखात सकाळी नऊ ते अकरा मोठी फट होती. आकडेच नाहीत. त्यातला बराच वेळ मी काकांच्या मागे बसले होते. रिक्षा आडवी आली, दारातल्या मुलाशी कंडक्टरची हमरीतुमरी झाली, चढावर गाडी बंद पडता पडता राहिली. नेमकं तेव्हाच यंत्राला काही मोजता आलं नव्हतं.

सल्ला ठरलेला: मीठ कमी, रोज चालणं, फिजिशियनला दाखवून गोळी. यातलं चुकीचं काहीच नाही. पण स्टॉकहोममध्ये 1990च्या दशकात एका बसमार्गावर बससाठी राखीव मार्गिका आणि इतर सुधारणा करून बघितल्या, तेव्हा चालकांच्या कामातल्या कटकटी तर घटल्याच, वरचं बीपी आणि नाडीही उतरली. तिथे औषध रस्त्याला दिलं होतं. आपण ते काकांना देतो, आणि वर सांगतो, टेन्शन घेऊ नका.

काकांनी कागदाची चौघडी करून खिशात घातली. गाडी लागायला चार मिनिटं होती.

"चहा घ्यायचा, काका?" मी विचारलं.

"नको मॅडम," ते निघालेच होते, "आधी मोरीवर जाऊन येतो."